डेटा केबलच्या बाजूनं

लिनक्स कर्नलमधले 'आरएनडिस' या यूएसबी-नेटवर्किंगच्या प्रोटोकॉलचे सगळे ड्रायव्हर बंद करून टाकावेत, असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मांडला. कर्नलचा यूएसबी विभाग आणि त्याच्या स्थिर आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळणारा हा माणूस. त्यांच्या शब्दाला वजन आहे आणि ते कामातून आलेलं आहे. प्रस्तावामागची त्यांची कारणं थोडक्यात अशी : समोरच्या उपकरणावर भरवसा ठेवता येत नसेल तर हा प्रोटोकॉल मुळातच असुरक्षित आहे, तो सुरक्षित करता येणार नाही, विंडोजच्या काही आवृत्त्यांसाठीच तो लागत होता, आणि अँड्रॉइडमध्ये तो कधीचाच बंद असल्यामुळे आता खऱ्या वापरातल्या कुठल्या यंत्राचं त्यावाचून अडू नये. यातल्या सुरक्षेच्या कारणात तथ्य आहे, विंडोजचं अर्धंच खरं आहे आणि अँड्रॉइडचं चुकीचं आहे. ते चुकीचं असल्याचं अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांनीच तेव्हा दाखवून दिलं, आणि बदल त्या वेळी मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. पण कल्पना मेलेली नाही. सुरक्षेच्या नावानं ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते, आणि दर वेळी 'हे आता कोण वापरतं?' हा प्रश्न उत्तर ठाऊक असल्याच्या थाटात विचारला जातो. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

आधी हा ड्रायव्हर करतो काय, ते पाहू. मोबाइल डेटा केबलनं संगणकाला जोडायचा, सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं, की संगणकावर नेट येतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१० च्या २.२ आवृत्तीपासून आहे. बटण दाबलं की फोन स्वतःची ओळख बदलतो. आतापर्यंत तो चार्ज होणारं किंवा फोटो देणारं उपकरण होता. आता तो संगणकाला सांगतो की मी नेटवर्क कार्ड आहे. त्याच्या ओळखपत्रावरचे तीन आकडे (वर्ग ई-०, उपवर्ग १, प्रोटोकॉल ३) वाचून कर्नल आरएनडिसचा ड्रायव्हर उचलतो. मग दोघांत बोलणं सुरू होतं. संगणक 'सुरुवात करू का' म्हणून विचारतो, फोन होकार देतो. संगणक फोनचा नेटवर्क पत्ता विचारून घेतो आणि कुठली पाकिटं हवीत ते कळवतो. त्यानंतर इथरनेटचं प्रत्येक पाकीट ४४ बाइटांच्या वेष्टनात बांधून केबलवरून ये-जा करतं. संगणक आयपी पत्ता मागतो, जुना अँड्रॉइड फोन त्याला १९२.१६८.४२ नं सुरू होणारा पत्ता देतो, आणि ब्राउझरमध्ये पान उघडतं. यातलं काहीही डाउनलोड करावं लागत नाही, सीडी लागत नाही, पासवर्ड लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो म्हणून हे होतं, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया तोच आहे.

हा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टचा. यूएसबी चालवणाऱ्या संघटनेचं स्वतःचं, सर्वांना खुलं असलेलं मानक १९९९ पासून होतं; पण त्यातल्या इथरनेटच्या प्रकाराला विंडोजनं आपल्या पोटात जागा दिली नाही. ज्याला आपलं उपकरण विंडोजवर बिनबोभाट चालायला हवं होतं, त्याला आरएनडिस बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी तेच केलं. ॲपलनं मॅकमध्ये आरएनडिस कधी घेतलं नाही, म्हणून तिथं अँड्रॉइडचं टेदरिंग चालवण्यासाठी लोकांना 'होआरएनडिस' नावाचा बाहेरचा ड्रायव्हर शोधत फिरावं लागलं. २०१० मध्ये एनसीएम हे नवं मानक आलं. ते खरोखरच सरस आहे : एका खेपेत अनेक पाकिटं नेतं आणि वेग चांगला देतं. पण विंडोज ७ आणि ८ मध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. तो हाताशी तयार मिळू लागला विंडोज ११ पासून, म्हणजे २०२१ पासून. मधल्या दशकात जे कोट्यवधी अँड्रॉइड फोन विकले गेले, त्यांचं टेदरिंग आरएनडिसवर उभं राहिलं ते या कारणानं. त्या फोनांना नवी आवृत्ती मिळणं केव्हाच थांबलं आहे. ते एनसीएम शिकणार नाहीत.

आता हा वाद तोरणमाळहून पाहावा. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. शहाद्याकडून घाट चढून जावं लागतं. पर्यटकाला यशवंत तलाव आणि सीताखाई माहीत असते. आजूबाजूचे पाडे डोंगरांच्या घड्यांमध्ये विखुरलेले आहेत ते त्याला क्वचित दिसतात. अशा भूगोलात रेंज धारेवर मिळते आणि दरीत उतरलं की जाते. याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. तेव्हापासून सरकारी कामाचा एकेक कागद ऑनलाइन होत गेला. शाळेनं 'सरल' आणि 'यू-डायस प्लस' भरायचं, अंगणवाडीनं 'पोषण ट्रॅकर', रोजगार हमीची हजेरी मोबाइल ॲपवर, रेशन ई-पॉसवर, दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून. यातलं काही फोनवर उरकतं. पण शंभर विद्यार्थ्यांची माहिती रकान्या-रकान्यांत भरणं, दाखल्याची पीडीएफ काढून छापणं, निवृत्तिवेतनाची यादी तपासणं, ही कामं संगणकाचीच आहेत. आणि संगणकापर्यंत नेट येणार कुठून?

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचंच नाव भारतनेट झालं. फायबर डोंगरात ओढणं कठीण आणि तुटलं की जोडणं त्याहून कठीण, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं वेगळा निर्णय घेतला : देशातल्या २४,६८० गावांपर्यंत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये. या निर्णयाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सर्वांत दुर्गम गावांत इंटरनेट पहिल्यांदा येईल ते टॉवरवरून, कुणाच्या तरी खिशातल्या फोनमध्ये. आणि तिथल्या संगणकावर येईल ते त्या फोनमधून. हे धोरणानंच ठरवलं. चार महिन्यांनी कर्नलमध्ये प्रस्ताव आला तो फोन आणि संगणक यांच्यामधला दुवाच काढण्याचा. दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं, आणि मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण ज्याला दिल्लीत कोट्यवधी रुपयांचा कार्यक्रम मानलं गेलं, त्याची शेवटची हातभर लांबी दुसरीकडे 'आता कुणालाच नको असलेला कोड' ठरत होती.

पहिला आक्षेप ठरलेला आहे : केबल कशाला, हॉटस्पॉट लावा. आक्षेप खोटा नाही. हॉटस्पॉटचा एक फायदा तर केबलला कधीच मिळणार नाही. फोन खिडकीत किंवा ओट्यावर, जिथं रेंज आहे तिथं ठेवता येतो आणि संगणक आत राहू शकतो. ज्याच्याकडे चालू वायफायचा लॅपटॉप आहे त्यानं हॉटस्पॉटच वापरावा. पण कार्यालयांत आणि शाळांत पडून असलेल्या कितीतरी डेस्कटॉपना वायफाय कार्डच नसतं. हॉटस्पॉट चालू ठेवला की फोनची बॅटरी भराभर उतरते. केबलवर तीच बॅटरी संगणकाकडून भरत राहते, आणि वीज जाणं-येणं ही जिथं रोजची बाब आहे तिथं हा फरक किरकोळ नाही. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नव्यानं बसवला की पुष्कळदा वायफायच चालत नाही, कारण त्या चिपचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर वेगळं उतरवून घ्यावं लागतं. ते उतरवायला नेट हवं, आणि नेट हवं तर वायफाय हवं. आधी लग्न की आधी वेड जावं, असला हा पेच. तो सोडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग जगभरचे जाणते सांगत आले आहेत : फोन केबलनं जोडा, टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर उतरवून घ्या. आरएनडिस गेलं की जुन्या फोनसाठी ही वाटही बंद. शहरात माणूस शेजारच्या दुकानातून इथरनेटचा अडॅप्टर आणेल किंवा मित्राकडे जाईल. घाटावरच्या माणसाला त्यासाठी शहाद्याची खेप करावी लागेल.

दुसरा आक्षेप असा येतो की तिथं लिनक्स कोण वापरतं, सगळे विंडोजवाले. आजवर बहुतांशी हे खरं होतं. पण वारं कुठं वळतं आहे ते पाहा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो; जुनं यंत्र धडधाकट असलं तरी तो त्याला अधिकृतपणे घेत नाही. अशा यंत्रापुढे तीन वाटा उरतात : भंगार, सुरक्षेची ठिगळं मिळणं थांबलेलं विंडोज, किंवा लिनक्स. दुर्गम भागातल्या शाळेला संगणक मिळतो तो पुष्कळदा कुणीतरी वापरून झालेला. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे. ज्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे तिनं बनवलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली याच कामासाठी आहे. म्हणजे लिनक्सची वाटचाल जुन्या संगणकांकडे होत असताना, जुन्या संगणकाशेजारी जुना फोन असण्याची शक्यता सर्वांत जास्त असताना, त्या दोघांना जोडणारा ड्रायव्हर काढायचा म्हटलं जातं. शिवाय विंडोजमध्ये आरएनडिसचा ड्रायव्हर अजूनही आहे. काढलं तर फक्त लिनक्सवाल्याचं अडेल.

आता सुरक्षेकडे येऊ, कारण प्रस्तावाचा खरा जोर तिथं आहे आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. आरएनडिसच्या संदेशात समोरचं उपकरण सांगतं की माहिती इतक्या अंतरावर सुरू होते आणि इतकी लांब आहे. हे दोन आकडे उपकरणाच्या हातात. उपकरण लबाड असेल तर ते खोटे आकडे पाठवून कर्नलला स्मृतीच्या भलत्याच जागी वाचायला लावू शकतं. हे काल्पनिक नाही. सीव्हीई-२०२२-२५३७५ या क्रमांकानं नोंदलेली चूक फोनच्या बाजूच्या कोडमध्ये होती : एका आदेशाची लांबी तपासलीच जात नव्हती आणि त्यातून कर्नलची स्मृती बाहेर फुटू शकत होती. संगणकाच्या बाजूलाही जानेवारी २०२३ मध्ये एक चूक सापडली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. कर्नल उत्तर तपासताना आठ, अंतर आणि लांबी यांची बेरीज करून ती १०२५ पेक्षा मोठी आहे का, एवढं पाहत होता. पण ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे ४२९ कोटी. बेरीज त्यापलीकडे गेली की ती गुंडाळली जाऊन पुन्हा लहान होते. उपकरणानं मुद्दाम प्रचंड अंतर पाठवलं तर बेरीज लहान दिसायची आणि तपासणी खुशाल 'ठीक आहे' म्हणायची. दुरुस्ती काय केली? बेरीज करायची सोडून अंतर आधी एकट्यानं मर्यादेशी ताडून पाहिलं, मग उरलेल्या जागेत लांबी मावते का ते वजाबाकीनं पाहिलं. काही ओळींचं काम.

या उदाहरणातून काय निघतं, यावर माझं आणि प्रस्तावाचं जमत नाही. प्रस्ताव म्हणतो, बघा, मुळातच कीड आहे. मी म्हणतो, बघा, चूक सापडली आणि दुरुस्त झाली. 'सुरक्षित करताच येणार नाही' हे विधान जर खरं असेल तर ते आरएनडिसपुरतं का थांबावं? एएक्स ८८१७९ या चिपवर चालणारे यूएसबी-इथरनेट अडॅप्टर बाजारात सर्रास मिळतात. त्यांच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये अगदी याच जातीची चूक होती, उपकरणानं दिलेल्या आकड्यांवर आंधळा विश्वास. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२२-२९६४. तो ड्रायव्हर दुरुस्त केला गेला, आणि ते योग्यच झालं. २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांवर यंत्रानं बनवलेल्या वेड्यावाकड्या संदेशांचा मारा केला, तेव्हा दोष निघाले ते निरनिराळ्या ड्रायव्हरांत. लांबी आणि अंतर समोरच्याकडून घेणं हे पाकिटांच्या सगळ्याच प्रोटोकॉलांचं वैशिष्ट्य आहे, एनसीएमचंसुद्धा. आरएनडिसचा आराखडा जास्त गचाळ आहे, त्यात चुकीला जागा जास्त आहे, हे कबूल. पण गचाळ कोड काळजीनं तपासावा लागतो. तो तपासता येत नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही.

धोका नेमका कुठं आहे, हेही यात निसटतं. २०१६ मध्ये सॅमी कामकार यांनी 'पॉयझनटॅप' नावाचं उपकरण दाखवलं. रास्पबेरी पाय झिरोसारखा एक तळहाताएवढाही नसलेला बोर्ड संगणकाला लावला की तो स्वतःला यूएसबीवरचं इथरनेट कार्ड म्हणवतो, आणि स्क्रीन लॉक असलेल्या संगणकाचीही इंटरनेटची वाहतूक आपल्याकडे वळवतो. त्याला कर्नलमधली चूक लागत नाही. कुठलंही नेटवर्क कार्ड लागलं की त्याच्यावर ताबडतोब विश्वास ठेवायचा, ही संगणकाची सवयच पुरते. आरएनडिस काढून एनसीएम ठेवलं तरी ही सवय तशीच राहील. तिच्यावरचा उपाय वेगळा आहे आणि तो कर्नलमध्ये आहेही : नव्या यूएसबी उपकरणाला परवानगीशिवाय बोलू न देण्याची सोय. 'यूएसबीगार्ड'सारखी साधनं तिच्यावरच उभी आहेत. ही सोय सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आणणं, 'या फोनमधून नेट घेऊ का?' असा एक साधा प्रश्न मराठीत पडद्यावर येणं, हे सुरक्षेचं खरं काम ठरेल.

उरला एक सल्ला : ज्याला हवा त्यानं ड्रायव्हर बाहेरून बसवावा, किंवा जुनं कर्नल वापरावं. बाहेरून बसवायला नेट लागतं, तो पेच वर आलाच आहे. जुन्या कर्नलचा सल्ला तर सुरक्षेच्याच मुळावर येतो. एका ड्रायव्हरसाठी माणूस जुन्या आवृत्तीवर थांबला की पुढे सापडणाऱ्या दुसऱ्या सगळ्या चुकांना त्याचं यंत्र उघडं पडतं. ज्याच्या रक्षणासाठी म्हणून बदल केला, तोच आधीपेक्षा असुरक्षित. हा परिणाम प्रस्तावाच्या हिशेबात धरलेला दिसत नाही, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो.

सांभाळणाऱ्यांवरच्या ओझ्याचा मुद्दा मात्र मी मनापासून मानतो. यूएसबी-नेटवर्किंगचा लिनक्समधला पाया डेव्हिड ब्राउनेल यांनी घातला. ते २०११ मध्ये गेले. त्यांच्यामागं हा कोड थोड्या लोकांच्या खांद्यावर आहे, आणि ज्यांच्याकडे कालबाह्य फोन नाही अशा माणसांनी कालबाह्य फोनसाठी रात्री जागाव्यात, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? हा ड्रायव्हर ज्यांच्या उपयोगाचा आहे त्यांच्या सरकारांनी आणि संस्थांनी तो उचलला पाहिजे. संगणकाच्या बाजूची मुख्य फाइल हजार ओळींचीही नाही. बॉस बनवणाऱ्या सी-डॅकनं, किंवा राज्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं, तिची तपासणी, तिच्यावर वेड्यावाकड्या संदेशांचा मारा आणि जुन्या फोनांवरची चाचणी हे काम अंगावर घेतलं, तर 'कोण सांभाळणार' या प्रश्नाला नाव असलेलं उत्तर मिळेल. तक्रार करणाऱ्याच्या हातात दुरुस्तीचा पॅच असला की कर्नलच्या जगात त्याचं ऐकलं जातं.

प्रस्तावात दोन वेगळ्या गोष्टींची मोटही बांधली आहे. फोनच्या बाजूचा कोड आणि संगणकाच्या बाजूचा कोड यांचं भवितव्य एक असण्याचं कारण नाही. नव्या फोननं अनोळखी संगणकाशी आरएनडिसमध्ये बोलू नये, एनसीएम वापरावं, हे मला मान्य आहे. तिथला कोड नव्या फोनांतून वगळला तर कुणाचं मोठं नुकसान नाही. संगणकाच्या बाजूची गोष्ट निराळी, कारण तिथं प्रश्न आधीच विकल्या गेलेल्या फोनांचा आहे. त्या बाजूचा ड्रायव्हर ठेवावा, हवं तर तो आपोआप सुरू न होता परवानगीनंतर सुरू व्हावा.

'मग कुठवर ठेवायचा?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कर्नलच्याच इतिहासात आहे. हार्ड डिस्कच्या जुन्या आयडीई ड्रायव्हरांना पर्याय म्हणून लिबाटा २००६ मध्ये त्याच जुन्या डिस्क चालवू लागलं. तरीही आयडीईचा कोड ताबडतोब उचलून फेकला नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिले, दोष निघाले, लोक सावकाश सरकले, आणि जुना कोड गेला तो २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत. म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षं, आणि तीही पर्याय जुनंच यंत्र चालवत असताना. एनसीएम जुना फोन चालवत नाही, त्याला नवा फोन लागतो. तरी आयडीईला दिली तेवढीच मुदत आरएनडिसला द्यावी, आणि ती विंडोज ११ आलं त्या वर्षापासून मोजावी.